हंसाचा वाटा

लंगोटांवर लाल ठिपके होते.

सुगंधाच्या मनात आधी बाळाचंच आलं. रात्री तो फार रडला होता. त्याला आतून काही झालं तर नाही ना, या धास्तीने ती वाळूत तशीच उभी राहिली. मग आठवलं, हे लंगोट तिने काल संध्याकाळी धुऊन बोंबील वाळवायच्या वलांडीच्या कडेला वाळत घातले होते. ते अजून बाळाला लागलेच नव्हते.

तिने मान वर केली. वलांडीच्या बांबूंवरून दोऱ्यांच्या ओळी गेल्या होत्या. ओळींवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील जोडीजोडीने लटकत होते. शेवटच्या ओळीखाली, गोधडीवर, महादू पालथा पडला होता. मानेवर आणि डोक्यात कोयत्याचे घाव होते. एक घाव इतका खोल की आतलं पांढरं दिसत होतं. त्याच्या उजव्या हाताशी गावातलं पिवळं कुत्रं बसलं होतं, आणि त्या हाताची दोन बोटं नव्हती.

तिने चप्पल काढून कुत्र्याला मारली. कडेवरच्या बाळाचा चेहरा खांद्यात दाबून धरला. मग ती ओरडली.

तो १९६६ चा जानेवारी होता. नवापूरच्या त्या घरात सुगंधा भाडेकरू. तिचा नवरा चंद्रभान तारापूरच्या प्रकल्पावर ओव्हरसियर. दोघं मूळची सिन्नरकडची. घर बांधलं होतं धर्माजीने, स्वतःच्या मासळीच्या कमाईवर. तीन वर्षांमागे तो वारला. मागे त्याची बायको येसूबाई. थोरला महादू आणि त्याची बायको मंजुळा. धाकटा पुंडलिक, अजून बिनलग्नाचा. आणि नवरा गेल्यावर तान्ही पोर घेऊन माहेरी परतलेली हंसा.

आता घर विकायचं चाललं होतं. प्रकल्पाच्या एका ठेकेदाराला किनाऱ्यालगत गोदाम हवं होतं. त्याच्यासाठी मनोरचा दलाल प्रताप महिनाभर ओट्यावर बसून चहा पीत होता.

ओरडणं ऐकून सगळे धावले. येसूबाई मुलाच्या पायाशी बसली ती बसलीच. मंजुळाने एकदा पाहिलं आणि कुडाला धरून ओकली. शेजारणींनी तिला सावलीत, बोंबलाच्या पाटीजवळ बसवलं. तिने पदर नाकाला लावला आणि पुन्हा ओकली. पुंडलिक होड्यांकडून पळत आला. हंसा सगळ्यांच्या मागे उभी होती. डाव्या हाताने तिने पोर धरली होती. उजवा हात मनगटापर्यंत हळदीच्या फडक्यात बांधलेला होता.

फौजदार कृष्णकांत राऊत पालघरहून जीपने आले. वाळू लागताच त्यांनी बूट काढून हातात घेतले. बुटात गेलेली वाळू त्यांना खपत नसे. अनवाणीच ते प्रेताभोवती फिरले.

"हा इथं का झोपला होता?"

"मालाला राखण, साहेब," हवालदार म्हणाला. "कुत्री ओढतात."

फौजदार शेवटच्या ओळीपाशी थांबले. एक बोंबील बोटाने फिरवला. "बाकीचे बघा कसे स्वच्छ आहेत. हे एवढेच वाळूनं माखलेत. त्यातल्या दोनांना रक्त लागलंय. आणि खाली वाळूत त्यांचे ठसे. झटापटीत पडले होते हे. मग वर कुणी टांगले?"

"मारणाऱ्यानंच?"

"माणूस मारला आणि मासळी आवरली." फौजदारांनी बूट एका हातातून दुसऱ्यात घेतले. "बाईचं काम आहे हे. पडलेलं तसंच टाकून जाणं बाईच्या हाताला जमत नाही."

सुगंधाने ते ऐकलं आणि तिला ते पटलं. बाळाला ताप चढला त्या रात्री, डॉक्टरकडे निघताना, तिने स्वतः दारात सांडलेले तांदूळ आधी भरले होते. चंद्रभान अजूनही त्यावरून बोलून दाखवायचा.

ओट्यावर जबाब सुरू झाले. पहिली हंसा.

"काल भावाशी भांडलीस?"

"भांडले."

"काय बोललीस?"

"सगल्या पाड्यानं आयकलाय, सायेब."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"जीव घेईन, पन घर इकू देनार नाय."

"मग घेतलास जीव?"

"बोलनं नि घेनं एक नसते. एक असते तर हा प्रताप महिन्यामागंच मेला असता."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. प्रतापने टोपी काढून पुन्हा घातली.

"आणि ह्या हातानं?" हंसाने फडकं सोडलं. तळवा टम्म फुगला होता, बोटं मिटत नव्हती. "शिंगाल्या मासलीचा काटा रुतलाय. तीन दिस झाले, पोरीची आंगोळ पन सुगंधाबाय घालते."

"रागात माणूस दुखणं विसरतं," फौजदार म्हणाले. "कोयत्याला जोर लागतो, नाजूकपणा नाही."

मग प्रताप.

"सौदा मोडत होता ना? महादू अडला होता म्हणे."

"अडला म्हणजे, बहिणीचा अंगठा नसेल तर माझाही नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, घ्या तिचाही. मला दोन अंगठे काय नि चार काय. दलाली तेवढीच."

"रात्री कुठं होतास?"

"बोईसरला, मावशीकडे. ती बहिरी आहे, पण डोळ्यांनी चांगली आहे. विचारा."

"बहिणीचा अंगठा," फौजदार म्हणाले. "हे कुठून आलं महादूच्या डोक्यात?"

सगळ्यांनी सुगंधाकडे पाहिलं. ती बाळाला थोपटायची थांबली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं म्हणून. घर धर्माजींच्या स्वतःच्या कमाईचं. ते वारसाचा नवा कायदा आल्यानंतर वारले. म्हणजे आई, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचे वाटे सारखे. भाऊ घरात राहतात तोवर बहीण वाटणी मागू शकत नाही. पण त्यांनी विकलं, की तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात पडायलाच हवेत."

"वकिलीण आहात की काय?"

"बी.ए. आहे. पण हे कॉलेजात नाही शिकले. आमच्या वडिलांचं घर विकलं तेव्हा शिकले."

"मिळाला मग वाटा?"

"साडी मिळाली."

फौजदारांनी मान खाली घातली. "हंसाला महादूनं हे सांगितलं होतं? तू माझ्यासारखीच वारस आहेस, असं?"

सुगंधाला इथे खोटं बोलता आलं असतं. "सांगतो म्हणाले होते. सांगितलं की नाही, मला माहीत नाही."

"नाय सांगितला," हंसा मागून म्हणाली. "मना आत्ता कललं."

फौजदारांनी हवालदाराकडे पाहिलं. महादू तिच्याच बाजूचा होता हे तिला माहीत नव्हतं, म्हणजे मारायचं कारण कायम होतं; ते तिने स्वतःच सांगून टाकलं होतं.

"पुंडलिक. तू कुठं होतास?"

"होडीत झोपलेलो. येकटाच."

"घर विकायचं तुझं मत काय होतं?"

"इकायचाच. मना इंजिनाची होडी घेयची होती. शिडावर आता पोट भरत नाय." त्याचे डोळे लाल होते, आवाज बसला होता.

"चार वाटे झाले तर तुझ्या वाट्यात इंजीन बसतं?"

"नाय बसत. मंग काय करनार? भाऊ थोरला. तो बोलंल ती पूर्व."

"आता काय होणार घराचं?"

"आता?" पुंडलिकने नाक पुसलं. "आता मीच रायलो ना. घरात पुरुष म्हनून मीच. मनाच बगाया लागंल सगला."

ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. जो तो तेच म्हणाला असता.

तेवढ्यात हवालदार हंसाच्या खोलीतून बाहेर आला. पेंढ्याच्या छपरात खुपसलेला कोयता त्याने पोत्यात धरला होता. पात्यावर केस होते.

हंसाला ओट्याच्या खांबाशी बसवलं. पंचनामा संपला की जीप पालघरला जाणार होती आणि ती जीपमध्ये. तिची पोर सुगंधाच्या हातात दिली गेली. दुधाला झटणारी पोर, गळ्यातून एकच आवाज काढत होती. खोलीत सुगंधाचं बाळ झोळीत जागं झालं आणि त्यानेही सूर धरला.

तिने दार लोटलं. दोघांना दोन बाजूंना घेतलं. पोर आधी तोंड फिरवत राहिली. वास वेगळा होता. मग भुकेपुढे वासाचं काही चाललं नाही. सुगंधा खिडकीतून खांबाशी बसलेल्या हंसाकडे बघत होती. हंसाच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत चालले होते.

ही पोर उद्या काय पिणार? परवा? आणि घर विकलं की झोपणार कुठे?

ऊन चढलं. पोर झोपली. सुगंधाची नजर वलांडीवर गेली, कारण लंगोट अजून तिथेच होते आणि त्यांना हात लावू नका म्हणून हवालदाराने बजावलं होतं. बोंबील आता आकसून काडीसारखे झाले होते. ओळीमागून ओळ तशीच होती. फक्त शेवटच्या ओळीत एक खिंडार पडलं होतं.

तिने दोन्ही पोरं शेजारणीच्या हवाली केली आणि वाळूत गेली. वाळूने माखलेले बोंबील, तेवढेच, पुन्हा खाली पडले होते. वाऱ्याने पडले म्हणावं, तर वारा सगळ्यांना सारखाच होता.

ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग फौजदारांकडे गेली.

"साहेब, जीप थोडी थांबवाल?"

"कशाला?"

"ते बोंबील टांगून बघायचेत."

"बाई, मासळीवरून कुणी कुणाला फाशी देत नाही."

"मासळीवरूनच तुम्ही हंसाला नेताय. बाईचं काम म्हणून."

फौजदारांना हे आवडलं नाही. पण ते उठले.

वाळूतले बोंबील एका सुपात भरले. सगळ्यांना वलांडीपाशी बोलावलं. आधी प्रताप. त्याने नाक मुरडून एक बोंबील उचलला आणि दोरीवर धोतर टाकावं तसा आडवा टाकला. मग आणखी एक. "झालं?" तो म्हणाला. "अंगाला वास लागला माझ्या."

मग येसूबाई. तिने सुपाकडे पाहिलंही नाही. नजर पोराला झाकलेल्या चादरीवर होती. हातांनी दोन बोंबील उचलले, एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या तोंडात आत घातला, मनगटाने एक पीळ दिला, आणि जोडी दोरीवर सोडली. दात दातांत बसले. मंजुळाने नाकावर पदर गुंडाळून एका हाताने बोंबील धरले आणि दुसऱ्याने तोच पीळ दिला. हंसाने प्रयत्न केला. तिची बोटं जबड्यात शिरेनात. दोन्ही मासे खाली पडले.

"पुंडलिक," फौजदार म्हणाले.

"हा बायकांचा काम हाय, सायेब."

"आज तू कर."

"मी कदी केला नाय."

"म्हणूनच."

पुंडलिकने दोन बोंबील घेतले. जबडा जबड्याला लावला, अंगठ्याने दाबला आणि जोडी अलगद दोरीवर ठेवली. लांबून पाहिलं तर इतरांसारखीच. पीळ नव्हता. त्याने दुसरी जोडी लावली, तिसरी लावली. पहिली जोडी सुटून वाळूत पडली.

बायका बघत होत्या. सगळ्यांना एकदमच दिसलं होतं.

येसूबाई सावकाश उठली.

"पुंडलिका," ती म्हणाली, "राती तू बोंबील कशाला टांगलास?"

त्याच्या हातातला मासा तसाच राहिला.

"मी नाय," तो म्हणाला.

"बाई, तुम्ही सांगा आता," फौजदार सुगंधाला म्हणाले. "मी ऐकतो."

सुगंधाने सुपाकडे बोट दाखवलं. "तुम्ही म्हणालात ते अर्धं बरोबर होतं, साहेब. बाहेरचा माणूस असता तर पडलेले मासे त्याला दिसलेही नसते. प्रतापरावांनी ते तुडवले असते. मासे उचलावेसे वाटले, म्हणजे मारणारा मासळीच्या घरातला. पण या घरातली बाई ते टांगते कसे, बघितलंत. येसूबाई अंधारात टांगतात, बोलत बोलत टांगतात, एक जोडी सुटत नाही. मंजुळावहिनीही तशाच. ते काम त्यांचं असतं, तर मासे आत्ताही वरच असते. आणि हंसाला तर टांगताच येत नव्हते, ना बरोबर ना चूक. जन्मभर बघितलंय पण कधी केलं नाही, असा हात हवा. म्हणजे या घरातला पुरुष. महादूभाऊ तर खाली पडले होते."

"आणि कारण?"

"ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. आता मीच राहिलो, म्हणाला. दोन वाटे होणार होते तोवर इंजिनाची होडी येत होती. चार झाल्यावर येईना. थोरला मेला आणि बहीण तुरुंगात गेली, की राहिलं कोण? आई आणि वहिनी, आणि त्या याच्याच आधाराने राहणार. त्याला वाटलं, भावाचं ते भावालाच. बापाला दुसरा मुलगा नाही, भावाला मूल नाही, मग वाटा दुसऱ्या कुणाचा? कायदा महादूभाऊंनी विचारला. याने नाही विचारला."

"कोयता हंसाच्या छपरात."

"भांडण सगळ्या पाड्याने ऐकलं होतं. आयतंच होतं."

पुंडलिकने मासा सुपात ठेवला. नीट ठेवला. "मी समजवाया गेलेलो," तो म्हणाला. "बोललो, दादा, नको करू. बहिनीला काय करायचाय पैसा, तिला मी पोशीन. तो बोलला, कायदा हाय. बोलला नि कूस फिरवून झोपला. माज्याकडं पाठ केली त्यानं."

"समजवायला जाताना कोयता नेतात?" फौजदारांनी विचारलं.

पुंडलिकने हाताची वाळू झटकली.

"पहिल्या घावानंतर उठला होता तो. बांबू धरला त्यानं. रक्त आहे बांबूवर. तेव्हा तरी थांबायचंस."

"त्यानं माजा नाव घेतला," पुंडलिक म्हणाला. "आई जागी झाली असती."

वाऱ्याने चादरीचं टोक उडालं. हवालदाराने त्यावर दगड ठेवला.

"आणि मासे?"

"खाली पडलेले, सायेब." पुंडलिकने प्रथमच सरळ वर पाहिलं, जणू हे तरी त्यांना कळायला हवं होतं. "आयेच्या हातचा माल. कुत्र्यांनी खाल्ला असता."

येसूबाई पुढे आली. तिने त्याच्या तोंडात मारली नाही. त्याचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक बोट चाचपलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत.

"बोंबील उचललेस," ती म्हणाली. "नि भाऊस कुत्र्यांना ठेवलास."

बेड्या घातल्या तेव्हा पुंडलिकने विचारलं, "मंग दादाचा वाटा कोनाचा?"

"ज्याला मारलं त्याचा वारस मारणाऱ्याला होता येत नाही," फौजदार म्हणाले. "त्याचा वाटा त्याच्या आईचा आणि बायकोचा."

"आणि मुलाचा," सुगंधा म्हणाली.

"त्याला पोर कुठं हाय?" पुंडलिक म्हणाला.

सुगंधाने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळा खाली बघत होती. "सकाळपासून सगळे म्हणतायत धक्क्याने ओकते. पण धक्का बसलेलं माणूस बोंबलाच्या पाटीपासून तोंड फिरवत नाही. जन्मभर याच वासात वाढलेली बाई. मलाही तिसऱ्या महिन्यात फोडणी सोसायची नाही."

मंजुळाने हळूच मान हलवली. "त्यांना पन सांगायचा होता," ती म्हणाली. "आज."

पुंडलिक जीपमध्ये चढला. आतून त्याचा आवाज आला. "नि माजा? माजा सोताचा वाटा?"

फौजदार बुटातली वाळू झटकत होते. "तो तुझाच आहे. बापाकडून आलाय. कुणी काढून घेणार नाही. होडीऐवजी वकील कर."

जीप बोईसरच्या रस्त्याला लागेपर्यंत येसूबाई तिकडे पाठ करून उभी होती. मग ती प्रतापला म्हणाली, "तू बी जा. घराचा आमी बायका बगू. इकायचा झाला तर बोलवू. च्या मात्र आता मिलनार नाय."

संध्याकाळी प्रेत नेलं. घरात चूल पेटली नाही. शेजारून पेज आली. हंसा सुगंधाच्या उंबऱ्यात बसून पोरीला पाजत होती. पोर हात आपटत पीत होती. सुगंधा मोजून चार वेळा उठली आणि बाळाच्या कपाळाला हात लावून आली.

"ताप नाय त्याला," हंसा म्हणाली. "बसा जरा."

सुगंधा बसली.

"खरंच साडी दिली भावांनी? येकच?"

"एकच."

"कसली?"

"नारायणपेठी. जरीची."

"नेसलात?"

सुगंधाने आत बोट दाखवलं. आढ्याला बांधलेल्या झोळीत बाळ झोपलं होतं. कापड मऊ होऊन गेलं होतं, पण काठाची जर अंधारातही थोडी दिसत होती.

हंसाने तिकडे पाहिलं. मग पोर दुसऱ्या बाजूला घेतली.

"माजी पोर साडीवर ऐकनार नाय," ती म्हणाली.